मसुराएवढी जागा

श्रोतेहो, नमस्कार.

आजचा विषय आहे रक्तवाहिन्यांच्या विकारामुळे येणारा स्मृतिभ्रंश, ज्याला डॉक्टर व्हॅस्क्युलर डिमेन्शिया म्हणतात. तो आज किती जणांना आहे आणि येत्या पंचवीस वर्षांत त्याचे प्रमाण कोणत्या दिशेने जाईल, हे मला सांगायचे आहे; मात्र त्या आकड्यांपर्यंत मी एका जुन्या संशोधनाच्या वाटेने जाणार आहे, कारण ते कळल्याशिवाय हे आकडे नीट वाचता येत नाहीत, असे माझे ठाम मत आहे.

आधी थोडे मोजमाप. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये जगभरात ५ कोटी ७० लाख लोकांना कोणत्या ना कोणत्या प्रकारचा स्मृतिभ्रंश होता आणि दर वर्षी त्यांत सुमारे १ कोटी नव्या रुग्णांची भर पडते. यांपैकी ६० ते ७० टक्के रुग्णांमध्ये अल्झायमरचा वाटा असतो. त्याच्या खालोखाल क्रमांक लागतो तो व्हॅस्क्युलर डिमेन्शियाचा. युरोप आणि उत्तर अमेरिकेत त्याचे प्रमाण साधारण १५ ते २० टक्के धरले जाते. आशियातील पाहण्यांमध्ये ते काही ठिकाणी ३० टक्क्यांच्या आसपास आढळते. पुन्हा सांगते: पहिला अल्झायमर, दुसरा व्हॅस्क्युलर. पण या दोघांमधली सीमारेषा टक्केवारीत जितकी ठळक दिसते, तितकी ती प्रत्यक्ष मेंदूत नसते, आणि मी सांगणार आहे ती हकीकत नेमकी या सीमारेषेचीच आहे.

मेंदूचे वजन शरीराच्या वजनाच्या जेमतेम २ टक्के असते, परंतु शरीराला लागणाऱ्या प्राणवायूपैकी सुमारे २० टक्के तो एकटा वापरतो, आणि साठा करून ठेवण्याची कोणतीही सोय त्याच्याकडे नाही. मोठी रक्तवाहिनी अचानक बंद पडली की पक्षाघात होतो, तोंड वाकडे होते, हात लुळा पडतो आणि घरातल्या सर्वांना ते कळते. मेंदूच्या खोल भागात मात्र अतिशय बारीक धमन्या असतात; वर्षानुवर्षांच्या वाढलेल्या रक्तदाबाने त्यांच्या भिंती जाड आणि ताठ होतात, आणि त्यांतली एखादी बंद पडली तर ३ ते १५ मिलिमीटरची, अनेकदा मसुराच्या दाण्याएवढी जागा कायमची मरते. त्या दिवशी त्या माणसाला बहुधा काहीच जाणवत नाही. वरवर धडधाकट असलेल्या वृद्धांच्या मेंदूचा एमआरआय केला, तर साधारण पाचांमधल्या एकाच्या मेंदूत असा एखादा मूक झटका सापडतो.

अशा जखमा साचत गेल्या की विचारांचा वेग मंदावतो, दोन कामांचा क्रम लावणे जड जाते, पावले आखूड पडू लागतात. नावे आणि चेहरे विसरणे बऱ्याचदा त्यानंतर येते. काही रुग्णांमध्ये उतरण जिन्यासारखी असते: माणूस एका पायरीवर कित्येक महिने थांबतो आणि मग एकाएकी खालच्या पायरीवर दिसतो. आपल्याकडे ‘साठी बुद्धी नाठी’ असे सहज म्हटले जाते. ही म्हण बोलण्यातून जावी, असे मला फार मनापासून वाटते, कारण ती उच्चारली की ज्या माणसाला तपासणीची गरज आहे, त्याला वयाच्या नावाखाली घरीच बसवले जाते.

आता ती हकीकत. १९८६ मध्ये अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात डेव्हिड स्नोडन नावाचे एक तरुण संशोधक होते. रोग कोणाला होतो आणि कोणाला होत नाही, याचा शोध लोकसमूहांमध्ये घेणे हे त्यांचे काम. वार्धक्याचा अभ्यास करणाऱ्याला नेहमी एक अडचण येते, ती अशी की माणसे वेगवेगळे खातात, वेगवेगळी कामे करतात, कोणी धूम्रपान करतो, कोणाला वेळेवर औषध मिळते, कोणाला मिळत नाही, आणि म्हातारपणी दिसणारा फरक यांतल्या नेमक्या कशामुळे पडला, हे सुटे करून सांगता येत नाही. स्नोडन यांनी अशी माणसे शोधली ज्यांच्या आयुष्यातले हे फरक आधीच गळून गेले होते. स्कूल सिस्टर्स ऑफ नोत्र दाम या कॅथलिक संघातल्या त्या नन होत्या. एकाच छपराखाली राहणाऱ्या, एकाच स्वयंपाकघरात जेवणाऱ्या, अविवाहित, धूम्रपान न करणाऱ्या, सारखीच वैद्यकीय सेवा मिळालेल्या, आणि बहुतेक जणी आयुष्यभर शिक्षिका.

मँकेटो गावातल्या मठापासून सुरुवात झाली. पुढे स्नोडन केंटकी विद्यापीठात गेले आणि अभ्यास अमेरिकेतल्या इतर मठांपर्यंत वाढला. १९१७ पूर्वी जन्मलेल्या १,०२७ भगिनींना विचारणा झाली आणि त्यांतल्या ६७८ जणींनी होकार दिला. त्यांची वये ७५ ते १०२ वर्षे होती. होकार कशाला दिला, तेही ऐका. दर वर्षी स्मरणशक्तीची आणि शारीरिक क्षमतेची परीक्षा द्यायची, आपली वैद्यकीय कागदपत्रे खुली करायची, आणि मृत्यूनंतर आपला मेंदू अभ्यासासाठी द्यायचा. परीक्षा दर वर्षी आणि निकाल मरणानंतर, अशा अटीवर ६७८ वृद्ध शिक्षिकांनी स्वाक्षऱ्या केल्या, याचे मला आजही नवल वाटते आणि त्यांच्याविषयी अपार आदर वाटतो.

मठाच्या दफ्तरात आणखी एक गोष्ट मिळाली. व्रत घेण्यापूर्वी, साधारण बाविसाव्या वर्षी, यांतल्या अनेक जणींनी आपल्या हस्ताक्षरात आपले छोटे आत्मवृत्त लिहून दिले होते आणि ती पाने साठ वर्षे जपून ठेवलेली होती. संशोधकांनी ९३ जणींची आत्मवृत्ते तपासली, प्रत्येक दहा शब्दांत किती कल्पना येतात ते मोजले, आणि असे दिसले की विशीतल्या ज्या लेखनात कल्पनांची घनता कमी होती, त्या लेखिकांची बुद्धी उतारवयात अधिक क्षीण झाली होती. जुने कागद अडगळ म्हणून रद्दीत घालणाऱ्या प्रत्येक संस्थेला मी हे उदाहरण सांगत असते. त्या पानांचा पुढे असा काही उपयोग होईल, हे ती लिहून घेणाऱ्यांच्या कल्पनेतही नव्हते.

या भगिनींपैकी एक सिस्टर मेरी. वयाच्या ८४ व्या वर्षापर्यंत त्या शिकवत होत्या, आणि १०१ वर्षे जगल्या. अखेरच्या काळातल्या बौद्धिक चाचण्यांतही त्यांचे गुण उत्तम होते. त्यांचा मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तेव्हा त्यात अल्झायमरच्या प्रथिनांचे थर आणि गुंते विपुल प्रमाणात आढळले. मेंदूत आजाराच्या खुणा भरपूर होत्या आणि आचरणात तो आजार दिसलाच नव्हता. मग प्रश्न असा उभा राहिला, की सारख्याच खुणा असलेल्या दोन मेंदूंपैकी एक शेवटपर्यंत काम करतो आणि दुसरा कोलमडतो, ते कशामुळे?

याचे एक उत्तर १९९७ मध्ये प्रसिद्ध झाले. तोवर मृत्यू पावलेल्या १०२ पदवीधर भगिनींचे मेंदू केंटकी विद्यापीठात विल्यम मार्क्सबेरी या विकृतिशास्त्रज्ञांच्या प्रयोगशाळेत तपासले गेले होते. त्यांतल्या ६१ मेंदूंमध्ये अल्झायमरचे निदान करण्याइतके बदल होते. या ६१ जणींमध्ये ज्यांच्या मेंदूच्या खोल भागात एक-दोन मूक झटक्यांच्या छोट्या जखमा होत्या, त्यांच्यापैकी ९३ टक्के जणींना हयातीत स्मृतिभ्रंश झालेला होता. ज्यांच्या मेंदूत अशी एकही जखम नव्हती, त्यांच्यात हे प्रमाण ५७ टक्के होते. हे दोन आकडे पुन्हा सांगते. अल्झायमरच्या खुणा दोन्ही गटांत आहेत. मसुराएवढी जखम असेल तर ९३ टक्के, ती नसेल तर ५७ टक्के.

आणि उरलेल्या ४१ जणी, ज्यांच्या मेंदूत अल्झायमरचे पुरेसे बदल नव्हते? त्यांच्यात या छोट्या जखमांचा स्मृतिभ्रंशाशी असलेला संबंध अगदी क्षीण आढळला. म्हणजे तेवढी जखम एकटी असताना मेंदू बहुधा तिला सांभाळून घेतो, परंतु दुसरा आजार आधीच घर करून बसलेला असेल, तर तीच जखम तोल ढळवते. म्हणूनच व्हॅस्क्युलर डिमेन्शियाचे १५ किंवा २० टक्के हे केवळ ज्यांच्यावर तसे नाव लागले त्यांचे मोजमाप आहे. अल्झायमरचे नाव लागलेल्या कित्येक रुग्णांच्या मेंदूतही बंद पडलेल्या बारीक धमन्या आपला वाटा उचलत असतात, आणि तो वाटा या टक्केवारीत मोजला जात नाही.

आता पुढच्या काळाविषयी. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक अंदाजात असे म्हटले आहे की २०१९ मधले ५ कोटी ७४ लाख रुग्ण २०५० पर्यंत १५ कोटी २८ लाख होतील. ही वाढ मुख्यतः लोकसंख्या वाढल्यामुळे आणि लोक अधिक वर्षे जगू लागल्यामुळे होणार आहे. एका ठराविक वयाच्या माणसाला असलेला धोका या अंदाजात जवळजवळ स्थिर राहतो. सर्वाधिक वाढ उत्तर आफ्रिका, मध्यपूर्व आणि आफ्रिकेचा पूर्व भाग येथे अपेक्षित आहे.

रक्तवाहिन्यांच्या स्मृतिभ्रंशाचे चित्र पक्षाघाताशी बांधलेले आहे. पहिल्या पक्षाघातानंतर दहांतल्या एकाला नव्याने स्मृतिभ्रंश होतो, आणि पक्षाघात पुन्हा झाला तर हे प्रमाण एक तृतीयांशापलीकडे जाते. उपचार सुधारल्यामुळे पक्षाघातातून वाचणाऱ्यांची संख्या वाढते आहे, ही अतिशय समाधानाची गोष्ट आहे, परंतु वाचलेल्यांचा दुसरा झटका टाळला गेला नाही, तर स्मृतिभ्रंशाचे रुग्णही वाढतील. त्यातच २०१९ मध्ये जगातल्या ३० ते ७९ या वयोगटातल्या सुमारे १३० कोटी लोकांना उच्च रक्तदाब होता आणि त्यांतल्या पाचांपैकी फक्त एकाचा रक्तदाब आटोक्यात होता.

तरीही धोका कमी होऊ शकतो, याचा पुरावा आपल्या हाती आहे. अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम गावात १९४८ पासून पिढ्यान्‌पिढ्या लोकांची तपासणी चालू आहे. तेथे साठीपुढच्या १०० जणांमागे पाच वर्षांत स्मृतिभ्रंश होणाऱ्यांचे प्रमाण १९७० च्या दशकाच्या अखेरीस ३.६ होते, तीन दशकांत ते २ वर आले. ३.६ वरून २ वर. पक्षाघात झालेल्यांमध्ये पुढे स्मृतिभ्रंश होण्याचा धोकाही याच काळात उतरला. ही घट मात्र निदान शालेय शिक्षण पूर्ण केलेल्यांमध्येच आढळली, आणि त्याच काळात स्थूलता आणि मधुमेह वाढत होते, त्यामुळे ती तशीच टिकेल असे गृहीत धरणे मला धाडसाचे वाटते.

वेळेचा मुद्दाही यात महत्त्वाचा आहे. ब्रिटनमधील सरकारी कर्मचाऱ्यांच्या दीर्घ अभ्यासात, पन्नासाव्या वर्षी वरचा रक्तदाब १३० किंवा त्याहून अधिक असलेल्यांना पुढे स्मृतिभ्रंशाचा धोका जास्त असल्याचे आढळले; सत्तराव्या वर्षीच्या तेवढ्याच रक्तदाबाचा असा संबंध दिसला नाही. अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीत वरचा रक्तदाब १२० च्या खाली ठेवण्याचे उपचार ज्यांना मिळाले, त्यांच्यात बुद्धीचा सौम्य ऱ्हास होण्याचे प्रमाण १९ टक्क्यांनी कमी झाले आणि मेंदूच्या पांढऱ्या भागातल्या जखमाही कमी वाढल्या; प्रत्यक्ष स्मृतिभ्रंशातली घट मात्र निर्विवाद ठरण्याइतकी मोठी नव्हती.

२०५० मध्ये जे पंचाहत्तरीत असतील, ते आज पन्नाशीच्या आसपास आहेत. आणि १५ कोटी २८ लाखांचा तो अंदाज मांडताना संशोधकांनी शिक्षण, स्थूलता, रक्तातली साखर आणि धूम्रपान यांतले बदल हिशेबात घेतले होते. रक्तदाब त्या हिशेबात नव्हता.

नमस्कार.