दोन रेघा दिसण्याआधी

पत्रिकेत माझा विषय ‘नैराश्यावरची औषधं आणि गरोदरपण’ असा छापलाय. त्याकडे येतेच, पण आधी एका तांदळाच्या डब्याबद्दल बोलू द्या.

माझ्याकडे एक शिक्षिका यायची. दोन वर्षं गोळीवर छान होती. दिवस राहिले आणि त्याच दुपारी तिने गोळ्यांची पाकिटं तांदळाच्या डब्यात खोल खुपसून ठेवली. घ्यायची भीती आणि टाकायचा धीर नाही! बंद कर म्हणून सांगितलं कुणी? जाऊबाईंनी, औषधाच्या दुकानातल्या मुलाने, आणि तपासणाऱ्या डॉक्टरांनीसुद्धा. मला राग येतो तो याचाच. मला एक फोन केला असता तरी चाललं असतं.

सहा आठवड्यांनी आली ती तीन किलो उतरलेली, केस न विंचरलेले. पहाटे तीनला उठून बसायची. सासूबाईंनी पिशवीतून पाकीट काढलं, त्याला तांदळाचं पीठ चिकटलेलं. ‘आमचं चुकलं का हो, डॉक्टर?’ मी म्हटलं, ‘मावशी, तांदळात ठेवायच्या त्या पाऱ्याच्या गोळ्या, या नव्हेत.’ दोघी हसल्या. मग सूनबाई बराच वेळ रडली.

इथे थायरॉईडच्या गोळ्या घेणाऱ्या कितीतरी जणी असतील. दिवस राहिले म्हणून कुणी त्या बंद केल्या? उलट डोस बहुतेकदा वाढवावा लागतो. मग मनाच्या गोळीलाच चैन कशी म्हणतात?

ताई चिठ्ठी दाखवतायत, पाच मिनिटं उरलीत. तर भराभर सांगते.

मूल हवं असं ठरलं की आधी डॉक्टरांशी बोला. चाचणीत दोन रेघा दिसतात तोवर बाळाचे अवयव घडायला लागलेले असतात, आणि नैराश्यावरचं फ्लुओक्सेटिनसारखं औषध बंद केल्यावरही काही आठवडे शरीरात रेंगाळतं. म्हणजे घाबरून एका दिवसात थांबवण्यात बाळाचा फायदा थोडा आणि आईला धोका मोठा. २००६ साली अमेरिकेत, आधी नैराश्य येऊन गेलेल्या २०१ गरोदर स्त्रियांचा अभ्यास झाला. औषध थांबवलेल्यांपैकी ६८ टक्के जणींना आजार उलटला, चालू ठेवलेल्यांपैकी २६ टक्के.

औषधाला धोका नाही, असं मी म्हणणार नाही. पॅरोक्सेटिन या नैराश्यावरच्याच औषधाबद्दल २००५ मध्ये बाळाच्या हृदयदोषाचे इशारे आले. ते चालू असेल तर बदलाचा विचार आधीच करावा. पण २०१४ मध्ये साडेनऊ लाखांच्या आसपास गरोदरपणांची नोंद तपासली, तेव्हा नैराश्यावरच्या या औषधांनी बाळांमधले हृदयदोष लक्षणीय वाढल्याचं दिसलं नाही. नैराश्य सौम्य असेल तर समुपदेशनावरही भागतं. त्यांतलंच सर्ट्रालिन आईच्या दुधात अगदी कमी उतरतं, म्हणून बाळंतपणानंतरही ते बहुतेकदा चालू ठेवता येतं. मूड स्थिर ठेवायला व्हॅल्प्रोएट घेत असाल तर मात्र गर्भासाठी ते खरंच धोक्याचं आहे, दिवस राहण्याआधीच डॉक्टरांकडे जा. तेही मनाने बंद करू नका. रात्री-अपरात्री कुणी नसेल तर १४४१६ हा टेली-मानस या मनाच्या आजारांसाठीच्या सरकारी सेवेचा नंबर आहे, मराठीत बोलतात.

आणि ती शिक्षिका? गोळी पुन्हा सुरू केली, मुलगी झाली. पहिले तीन दिवस बाळ जरा थरथरायचं, किरकिरायचं. असं काही बाळांना होतं, म्हणून बालरोगतज्ज्ञांना आधीच सांगून ठेवलं होतं. चौथ्या दिवशी ती नीट दूध ओढायला लागली.