आधी पाय मोजा: संधिपाद प्राण्यांवरचं नागपुरातलं व्याख्यान

नमस्कार मंडळी. ही डबी फिरवतो, मागपर्यंत जाऊ द्या, फक्त हळू धरा. पहिला दणक्याचा पाऊस झाला की मैदानात लाल मखमलीचे ठिपके चालल्यासारखे दिसतात ना, तेच हे, मिरगाचे किडे. लहानपणी काडेपेटीत भरून ठेवले नाहीत असा नागपूरकर मला तरी भेटला नाही. आता त्याचे पाय मोजा. आठ भरले ना? मग हा कीटक नाही, कारण कीटकाला सहाच पाय असतात. हा कोळी आणि विंचवाच्या घराण्यातला. वर्षातला बहुतेक काळ जमिनीखाली काढतो, पावसाने माती भिजली की वर येतो. आणि याचं पिल्लू अंड्यातून निघतं तेव्हा त्याला सहाच पाय असतात बरं का, ते दुसऱ्या किड्यांना चिकटून त्यांचा रस पितं, पुढे कात टाकल्यावर आठ होतात.

पाय मोजायचं काहून सांगून राहिलो ते ऐका. माझ्या मामाची काटोलकडे संत्र्याची बाग आहे. एका वर्षी फळांवर तांबूस चट्टे पडले, आपल्याकडे त्याला लाल्या म्हणतात, मराठवाड्यात मंगू. मामाने दुकानातून कीटकनाशक आणलं, फवारलं, आठ दिवसांनी परत फवारलं, आणि लाल्या कमी व्हायच्या ऐवजी वाढतच गेला. कारण लाल्या करणारी जी बारीक कोळी असते ती कीटक नाही, कीटकांसाठीची पुष्कळ औषधं तिला लागूच पडत नाहीत, उलट तिला खाऊन टाकणारे मित्रकिडे त्या फवाऱ्यात मरतात आणि तिला रान मोकळं होतं. मामाचा पैसा गेला, बहार गेला. आता ही कोळी भिंगाशिवाय दिसत नाही आणि तिला पाय फक्त चार, म्हणजे आठाच्या नियमालाही अपवाद आहे, तरी घराणं कोळ्याचंच. म्हणून बागेत जाताना खिशात भिंग ठेवा, हे मी प्रत्येक शेतकऱ्याला सांगतो.

आता कीटक, कोळी, विंचू हे सगळे संधिपाद नावाच्या एका मोठ्या कुटुंबात कसे? संधिपाद म्हणजे ज्यांच्या पायांना सांधे आहेत ते. शरीर खंडाखंडांचं, आणि हाडं आत नाहीत, बाहेरून कायटिन नावाच्या पदार्थाचं कवच. जगात आजवर ओळखलेल्या प्राण्यांच्या जातींमध्ये ८० टक्क्यांहून जास्त यांच्याच आहेत.

पण कवचाची एक अडचण आहे, ते वाढत नाही. आतला जीव वाढला की कवच अंगाला घट्ट होतं, मग ते फोडून बाहेर यावं लागतं. मागच्या उन्हाळ्यात रात्री पाणी प्यायला उठलो तर किचनच्या ओट्यावर एक पांढरंशुभ्र झुरळ, डोळे तेवढे काळे. घरचे म्हणाले हे कोणतं नवीन आलं! नवीन काही नव्हतं, बाजूलाच त्याची कात पडली होती, पाठीवर मधोमध उभी चिरलेली, पायांचे केससुद्धा जसेच्या तसे. मी टॉर्च घेऊन बसून राहिलो. अंग इतकं मऊ की हलताना जपून हलत होतं. हळूहळू पिवळसर झालं, सकाळपर्यंत नेहमीसारखं तपकिरी. या काही तासांत त्याला कोणीही खाऊ शकतं. खेकडाही कात टाकल्यावर बिळात दडून बसतो तो याच भीतीने.

रक्ताचं पण सांगतो. झुरळ चिरडलं तर लाल काही निघत नाही, कारण कीटकांच्या रक्तात ऑक्सिजन वाहायचं कामच नसतं, हवा अंगावरच्या बारीक छिद्रांतून नळ्यांनी थेट आत जाते. विंचू, खेकडा यांच्या रक्तात लोहाऐवजी तांबं, म्हणून ते निळसर. डास मारल्यावर हाताला जे लाल लागतं ते आपलं किंवा शेजाऱ्याचं.

बाकी गट पटकन सांगतो. सहा पायांचे कीटक: मुंगी, मधमाशी, फुलपाखरू, कपाशीतली गुलाबी बोंडअळी, भंडारा-गडचिरोलीकडे ऐनाच्या झाडावर टसरचा कोष करणारी अळी. खेकडे आणि आपण कांद्यात परततो ते झिंगे कवचधारी गटातले, आणि कुंडी उचलली की गोळी होऊन बसणारा तो राखाडी जीव पण त्यांचाच भाऊबंद. गोमेला दर खंडाला पायांची एक जोडी, आणि हात लावला की चकलीसारखा गुंडाळतो त्या पैसा नावाच्या किड्याला बहुतेक खंडांना दोन दोन जोड्या. गोम चावते, पैसा पालापाचोळा खातो, त्याला उगाच मारू नका.

आठ पायवाल्यांवर मात्र थोडं थांबतो. विंचवीण पिल्लं पाठीवर घेऊन फिरते, पिल्लं आईला खातात असं आपण ऐकलेलं असतं, ते खरं नाही, पहिली कात टाकेपर्यंत ती पाठीवर असतात आणि मग उतरून जातात. लाल विंचवाच्या दंशाने कोकणात पोरं जायची, महाडला डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन हे औषध वापरून ती वाचवायची वाट दाखवली. आणि २०१८च्या पावसाळ्यात नागपुरात स्क्रब टायफस या तापाचे पेशंट आले ते आठवत असेल. तो पसरवते मिरगाच्या किड्याच्या नात्यातल्या एका माइटची, म्हणजे बारीक कोळीची, सहा पायांची अळी, गवतातून अंगावर चढते. डबीतला हा काही करत नाही, पण पावसाळ्यात ताप आला आणि अंगावर काळी खपली दिसली तर डॉक्टरला ती खपली दाखवा, वेळेत औषध मिळालं तर माणूस बरा होतो.

आता आपल्या शहराचं. हिस्लॉप कॉलेज ज्यांच्या नावाने आहे त्या स्टीफन हिस्लॉप यांनी १८५०च्या दशकात इथल्याच टाकळीच्या दगडांतून जीवाश्म गोळा केले. लाव्हाच्या दोन थरांमधल्या तळ्याचा तो गाळ, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. त्यात दोन शिंपल्यांत राहणाऱ्या, मोहरीएवढ्या कवचधारींची कवचं होती, आणि भुंगेऱ्यांचे वरचे कडक पंख. पाय, मिशा, पोट सगळं विरून गेलं, ते पंख तेवढे दगडात राहिले. डबी कुठपर्यंत आली? इकडे द्या, यांना अंधार व्हायच्या आत परत मैदानात सोडायचंय.