३५ अंश

(दृश्य: आरसा. शर्टाची बटणं लावणारे हात.)

बटणं लावून झाली की ती शर्टाची खालची कड बघते. डावी बाजू बोटभर खाली लोंबते. शिवणाऱ्याची चूक नाही. उजवा खांदा वर आहे, म्हणून.

(दृश्य: उजेडावर धरलेली एक्स-रे फिल्म.)

हा तिचा कणा. मानेपासून सरळ निघतो, मध्येच उजवीकडे झुकतो आणि कमरेपाशी परत जागेवर येतो. याला स्कोलिओसिस म्हणतात. बाकाच्या दोन्ही टोकांना जे मणके सगळ्यात जास्त कललेले असतात, त्यांच्यावर रेघा ओढायच्या आणि त्या रेघांमधला कोन मोजायचा. जॉन कॉब या अमेरिकन डॉक्टरांनी १९४८ मध्ये मांडलेली ही पद्धत आजही वापरात आहे. कोन १० अंश किंवा त्याहून जास्त असला, तर स्कोलिओसिस. तेराव्या वर्षी तिचा कोन होता ३२.

फिल्मवर एक गोष्ट नीट कळत नाही. मणके नुसते बाजूला सरकत नाहीत, ते पिळतात आणि बरगड्यांनाही सोबत नेतात. म्हणून ती पुढे वाकली की पाठीची उजवी बाजू अशी उंच येते. बघा.

दप्तर जड होतं का? वाकडी बसायचीस का? झोपायचीस कशी? हे प्रश्न ती आता पाढ्यासारखे म्हणून दाखवते. लहान वयात सुरू होणाऱ्या काही प्रकारांची कारणं माहीत आहेत, पण स्कोलिओसिस असलेल्या दहापैकी साधारण आठ जणांत कारण सापडतच नाही. दप्तराने असा बाक येत नाही. हे वाक्य संकलनात आम्ही दोनदा कापलं आणि दोनदा परत घातलं.

(दृश्य: कार्यशाळा. ओल्या प्लास्टरच्या पट्ट्या.)

ब्रेस, म्हणजे धडाभोवती घट्ट बांधायचं प्लास्टिकचं कवच, बनतो तो असा. अंगावर पातळ, ताणून बसणारं बनियन. त्यावर पेन्सिलने हाडांच्या खुणा. मग ओल्या पट्ट्यांचे वेढे, आणि त्या सुकायच्या आत तळहाताने बरगड्यांवर दाब. काही मिनिटांत साचा कडक होतो. पुढून चिरून तो कवचासारखा उतरवतात, आत प्लास्टर ओततात. दुसऱ्या दिवशी टेबलावर एक पांढरं धड उभं असतं, बिनडोक्याचं. कारागीर ते किसतो. जिथे दाबायचं तिथे खरवडायचं, जिथे शरीराला सरकायला जागा हवी तिथे थर चढवायचा. हे काम बोटांना कळतं. हल्ली काही ठिकाणी साच्याऐवजी स्कॅनर असतो, पण इथे अजून हातच आहेत.

प्लास्टिकची दुधी शीट भट्टीत तापली की काचेसारखी होते. दोघांनी धरून ती धडावर पांघरायची, आतली हवा ओढून घ्यायची. थंड झाली की कापायची, कडा घासायच्या, आत गाद्या, पाठीमागे पट्टे. पट्टा ओढताना होणारा हा आवाज तिला अजून झोपेतही ओळखू येतो.

रोजचे १८ तास. तीन वर्षं.

(दृश्य: जुनं चित्र. खुंटाला बांधलेलं झाड.)

१७४१ मध्ये निकोला आंद्री या फ्रेंच डॉक्टरांनी एका पुस्तकातून ऑर्थोपेडिक्स हा शब्द रूढ केला. 'सरळ' आणि 'मूल' या ग्रीक शब्दांपासून तो बनला. त्या पुस्तकातलं हे झाड पुढे अस्थिशल्यचिकित्सकांच्या कितीतरी संघटनांचं बोधचिन्ह झालं. वाकडा बुंधा, सरळ खुंट, मध्ये दोर. चित्र जवळून बघा. झाड वाकडंच आहे, पण शेंड्याला भरपूर पाला आहे. ब्रेसचंही तसंच. तो कणा सरळ करत नाही. उंची वाढायची थांबेपर्यंत बाक वाढू नये, एवढंच त्याचं काम. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिका आणि कॅनडातल्या एका अभ्यासात ब्रेस वापरणाऱ्या ७२ टक्के मुलांचा बाक वाढ पूर्ण होईपर्यंत ५० अंशांच्या आत राहिला. नुसत्या देखरेखीखाली असलेल्यांत हे प्रमाण ४८ टक्के होतं. म्हणजे उपचार यशस्वी झाले तरी बाक राहतोच. हे मुलीला पहिल्याच दिवशी सांगायला हवं. तिला सांगितलं नव्हतं. सोळाव्या वर्षी ब्रेस सुटला तेव्हा कोन होता ३५.

बाक ५० च्या पुढे गेला तर शस्त्रक्रिया, धातूच्या सळ्या. तिला ती लागली नाही. पाठ दुखते, लांबच्या प्रवासात जास्त.

(दृश्य: तीन आरसे. जमिनीवर ती.)

गेल्या शतकाच्या सुरुवातीला जर्मनीत काटारिना श्रोथ नावाच्या मुलीलाही हाच बाक होता, तिलाही ब्रेस होता. पोचा आलेला फुगा फुगवला की पोचा भरून येतो, हे बघून तिने आरशासमोर बसून दबलेल्या बाजूत श्वास घ्यायचा सराव सुरू केला. त्यातूनच पुढे व्यायामाची एक पद्धत उभी राहिली. आमची मैत्रीण तेच करते आहे. डावीकडच्या बरगड्या बघा. आता उघडतील.

याने कोन किती कमी होतो, असं आम्ही विचारलं. ती म्हणाली, "मोजलाच नाही. पण पाठ कशी आहे ते बघायची सवय झाली."

(दृश्य: कपाट.)

ब्रेस तिने टाकला नाही. त्यात आता लोकरीचे गुंडे असतात.

(दृश्य: पोहण्याचा तलाव, सकाळ.)

पोहण्याचा पोशाख मागून खोल गळ्याचा आहे. तिनेच निवडलेला. पाण्यातून बाहेर आल्यावर ती कॅमेऱ्याकडे पाठ करून थांबली. हा शॉट आम्ही मागितला नव्हता.

(निवेदन नाही. पाण्याचा आवाज.)