वार एक की दोन?

नमस्कार श्रोतेहो. पोटात जुळं आहे असं कळलं की घरचे विचारतात, "दोघं सारखी दिसतील का हो?" आम्हा डॉक्टरांच्या मनात मात्र वेगळाच प्रश्न असतो: वार, म्हणजे आईकडून बाळाला पोषण पोचवणारा गर्भाशयातला भाग (प्लासेंटा), एक की दोन?

त्याचं उत्तर ११ ते १४ आठवड्यांच्या सोनोग्राफीत मिळतं. बाळांमधला पडदा वारेला भिडतो तिथं जाडसर त्रिकोणी पाचर दिसली, तर वार दोन. पातळ पडदा काटकोनात टेकला असेल, तर वार एकच. आठवडे सरतात तशी ही खूण पुसट होते, म्हणून ही तपासणी लांबवू नका.

वार एक असली की १६व्या आठवड्यापासून दर दोन आठवड्यांनी सोनोग्राफी लागते. दोघांच्या रक्तवाहिन्या आत जोडलेल्या असतात, आणि कधीकधी एकाचं रक्त दुसऱ्याकडे जास्त जाऊ लागतं. देणाऱ्या बाळाभोवतीचं पाणी इतकं आटतं की पडदा त्याच्या अंगाला चिकटतो. घेणाऱ्याभोवती पाणी साचतं, त्याच्या हृदयावर ताण येतो. अशा वेळी आईच्या पोटातून बारीक दुर्बीण घालून लेझरने त्या वाहिन्या बंद करता येतात, साधारण १६ ते २६ आठवड्यांत. त्यात पाणमोट लवकर फुटण्याची भीती असते, आणि दोन्ही बाळं वाचतीलच असं कुणी सांगू शकत नाही. तरी आजार वाढलेला असताना नुसती वाट पाहणं बहुधा जास्त महागात पडतं.

तिळं किंवा त्याहून जास्त असतील तर गर्भांची संख्या कमी करण्याचा पर्यायही डॉक्टर मांडतात. ऐकायला जड जातं. निर्णय आईचाच, आणि नको म्हणायचाही तिला पूर्ण हक्क आहे.

रक्तदाबाचा धोका कमी करायला १२व्या आठवड्यापासून कमी मात्रेतली ॲस्पिरिन देतात, अर्थात डॉक्टरांनी सांगितली तरच. केवळ जुळं आहे म्हणून पिशवीच्या तोंडाला टाका घालत नाहीत. आणि महिनोन्महिने खाटेवर पडून राहणं? त्यानं प्रसूती लांबत नाही, पायात रक्ताच्या गुठळ्या मात्र होऊ शकतात.

कळा लवकर सुरू होतील असं वाटलं तर बाळांच्या फुप्फुसांसाठी आईला स्टेरॉइडची इंजेक्शनं देतात. म्हणून पोट राहून राहून कडक होत असेल, पाणी जात असेल, तर सकाळची वाट पाहू नका.

निघताना ती पहिली सोनोग्राफी फाईलमध्ये सगळ्यात वर ठेवा. रात्री दोन वाजता ड्यूटीवरचा डॉक्टर आधी तेच पान शोधतो.