केसपेपरवरचा 'पुरुष' आणि पोटातलं दुखणं

(नवी मुंबईत नर्सिंगच्या शिक्षकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

समलिंगी आणि ट्रान्सजेंडर पेशंटशी सहानुभूतीनं वागा, हे सांगायला मी नेरुळपर्यंत आलेलो नाही. तेवढं तुमचे विद्यार्थी पेपरात लिहितातच. माझं म्हणणं असं की, या विषयाचा वेगळा तास घेऊ नका. हिस्ट्री घ्यायला, कॅथेटर (लघवीची नळी) घालायला शिकवता, तिथेच हेही शिकवा.

रात्री कॅज्युअल्टीत एक तरुण आला आहे असं समजा. दाढी, भारदस्त आवाज, ओटीपोटात असह्य दुखतंय, बीपी उतरतंय. केसपेपरवर 'पुरुष' लिहिलेलं, त्यामुळे सगळ्यांचं डोकं अपेंडिक्स नाहीतर मुतखड्याकडे. पण तो ट्रान्स पुरुष असेल, म्हणजे जन्माच्या वेळी मुलगी म्हणून नोंदलेला, आणि गर्भाशय व गर्भनळ्या शाबूत असतील, तर नळीत राहिलेला गर्भ फुटलेला असू शकतो. टेस्टोस्टेरॉन या पुरुषी हार्मोननं पाळी बहुधा थांबते. पण ते गर्भनिरोधक नव्हे. इथे युरिन प्रेग्नन्सी टेस्ट सुचणार कुणाला? पडदा ओढून, नातेवाइकांना बाहेर थांबवून, हळू आवाजात विचारणाऱ्या सिस्टरला. 'हार्मोन्स चालू आहेत का? आधी कुठलं ऑपरेशन झालंय?' हे प्रश्न सगळ्यांनाच विचारायचे, तोंड बघून नव्हे.

ट्रान्स स्त्रीची, म्हणजे जन्माच्या वेळी मुलगा म्हणून नोंदलेल्या स्त्रीची, योनी घडवण्याची शस्त्रक्रिया झाली, तरी प्रोस्टेट सहसा तसाच ठेवतात. मूत्रमार्ग मात्र आखूड झालेला असतो, हे कॅथेटर हातात घेण्याआधी माहीत हवं. पुरुषी हार्मोन दाबणारं स्पायरोनोलॅक्टोन चालू असेल तर रक्तातलं पोटॅशियम बघा, ते वाढू शकतं. एस्ट्रोजेन हे स्त्री-हार्मोन चालू असेल आणि एकच पोटरी सुजली असेल, तर रक्ताच्या गाठीची शंका घ्या. स्किल लॅबमधल्या मॅनिकिनला, म्हणजे सरावाच्या पुतळ्याला, स्त्री आणि पुरुष असे दोनच प्रकारचे भाग बसतात, त्याला इलाज नाही. शिक्षकांनी तरी तिथे थांबू नये.

कायद्याबद्दल थोडक्यात. प्रौढांच्या संमतीच्या समलिंगी संबंधांवरची कलम ३७७ ची टांगती तलवार ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने काढली. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा लैंगिक कलावरून मानसिक आजाराच्या उपचारात भेदभाव करू देत नाही. त्या उपचारांसाठी आपला प्रतिनिधी कोण, हेही पेशंट आधीच लिहून ठेवू शकतो. तो रक्ताचा नातेवाईकच हवा, अशी अट नाही.

वॉर्डात आपण काय करतो? 'लग्न झालंय का? मिस्टर कुठायत?' शेजारी बसलेल्या जोडीदाराला 'मैत्रीण ना? मग घरच्यांना बोलवा.' पेशंट शुद्धीवर आहे, सज्ञान आहे, तर संमतीची सही तिचीच. 'तुमच्यासोबत कोण आहे?' एवढं विचारलं तरी पुरतं.

आणि हँडओव्हर! ड्युटी बदलताना 'सहा नंबरला तसला पेशंट आहे' म्हणून जे हसणं होतं, ते विद्यार्थी आपल्याकडूनच शिकतात; अभ्यासक्रमात कुठेही नाही. पेशंटनं सांगितलेलं नाव, निदान, चालू औषधं, लक्ष कशावर ठेवायचं, बस्स. पुढच्या प्रात्यक्षिक परीक्षेत एका केसचा हँडओव्हर असा ठेवा, आणि त्याला मार्क द्या. मार्क नसले तर कोणी शिकत नाही, हे तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं जाणता.