जिनिव्हाची फेरी

नमस्कार श्रोतेहो. आज बोलायचंय प्रोग्रेसिव्ह रॉकबद्दल, म्हणजे पाश्चात्त्य शास्त्रीय संगीताशी नातं जोडणाऱ्या रॉकबद्दल. थांबा, लगेच आवाज कमी करू नका! १९७०च्या आसपास इंग्लंडमध्ये गिटार-ड्रम घेऊन जी तरुण पोरं उभी राहिली, त्यांच्या डोक्यात बाख, बार्टोक, मुसोर्गस्की असे शास्त्रीय रचनाकार घोळत होते. ‘येस’ या बँडचा रिक वेकमन लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ म्युझिकमध्ये शिकलेला. ‘जेथ्रो टल’नं १९६९ साली बाखची ल्यूट या जुन्या तंतुवाद्यावरची रचना बासरीवर आणली. ‘इमर्सन, लेक अँड पामर’नं तर मुसोर्गस्कीची १८७४ सालची, चित्रप्रदर्शनावर रचलेली पियानोच्या तुकड्यांची मालिका १९७१ मध्ये न्यूकॅसलला भरल्या सभागृहात वाजवली.

या इमर्सनचीच गोष्ट मला सांगायची आहे. किथ इमर्सन, त्यांचा कीबोर्डवाला. १९७०च्या पहिल्या तबकडीत त्यानं बार्टोक घेतला, यानाचेक हा चेक रचनाकार घेतला; पण श्रेयात त्यांची नावंच नव्हती. पुढे बार्टोकच्या घरच्यांकडून विचारणा झाली. आपल्याकडे गुरूचं नाव घेताना हात आपोआप कानाच्या पाळीला जातो. ती सवय मला फार मोलाची वाटते. अलीकडे निवेदक गायकाच्या पुरस्कारांची यादी वाचतात आणि बंदिश कोणाची ते सांगतच नाहीत. सांगायला हवं.

तर इमर्सन. लॉस एंजेलिसला एका टीव्ही कार्यक्रमाचं चित्रीकरण होतं. ऑर्केस्ट्रा हाती होता आपल्या मुंबईत जन्मलेल्या झुबिन मेहतांच्या. तिथं इमर्सनच्या कानावर एक पियानो पडला. गाणारा नव्हे, घाव घालणारा पियानो! अर्जेंटिनाचे आल्बेर्तो जिनास्तेरा, त्यांचा १९६१चा पहिला पियानो कॉन्चेर्तो, म्हणजे पियानो आणि ऑर्केस्ट्रासाठीची मोठी रचना, त्यातला शेवटचा, चौथा भाग. टोकाटा, म्हणजे बोटांची कसोटी पाहणारा वेगवान तुकडा. पियानोला तिथं अक्षरशः तालवाद्य करून टाकलंय. दोन्ही हात ठोकत सुटतात, श्वास घ्यायला जागा नाही. ते इमर्सनच्या डोक्यात जे बसलं, ते निघेचना.

काही वर्षांनी त्यानं तो भाग आपल्या बँडसाठी बांधला. ऑर्गन, विजेवर आवाज घडवणारा मूग सिंथेसायझर, आणि मधे कार्ल पामरचा ड्रमचा मोठा तुकडा, तोही इलेक्ट्रॉनिक आवाजांसह. या वेळी मात्र आधी परवानगी मागितली. लक्षात घ्या, आधी मागितली. प्रकाशकाकडून उत्तर आलं, नाही. दुसरा कोणी असता तर मुकाट्यानं तो तुकडा गाळून मोकळा झाला असता. इमर्सन टेप घेऊन विमानात बसला आणि थेट जिनिव्हाला पोहोचला. जिनास्तेरा तेव्हा तिथं राहत होते, पत्नीसह. ती चेलो हे व्हायोलिनच्या घराण्यातलं मोठं वाद्य वाजवणारी, म्हणजे घरात दोन पक्के कान!

टेप सुरू झाली. आता त्या मुलाच्या जागी स्वतःला बसवून बघा. वय तिशीच्या आत, समोर मूळ रचनाकार, आणि टेपमधून बाहेर पडतंय ते त्यांचंच संगीत, विजेच्या वाद्यांवर. तेवढ्यात जिनास्तेरांच्या तोंडून एक शब्द निघाला. इमर्सनला वाटलं, संपलं, म्हाताऱ्यानं शिवी घातली! पण भाषेचा घोटाळा होता. ती शिवी नव्हती, दाद होती. माझ्या संगीताचा गाभा तू पकडलास, आजवर हे कोणाला जमलं नव्हतं, असं त्यांनी त्याला सांगितलं. हे सांगताना आजही माझ्या अंगावर काटा येतो.

१९७३ साली तबकडी आली, ‘ब्रेन सॅलड सर्जरी’. मूळ पाकीट मधोमध दुभंगलेलं, दाराच्या दोन फळ्यांसारखं उघडणारं. आणि या वेळी श्रेयात नाव आहे. जिनास्तेरांचं नाव आहे.

आता तो टोकाटा ऐकू या. ऐकताना मोबाइल बाजूला ठेवा. पहिले काही क्षण कानाला कडक लागतील, लागू द्या. मधे पामरचे ड्रम आले की सगळं विस्कटल्यासारखं वाटेल, तरी उठू नका. पियानोनं जे घाव घातले होते, तेच तिथं वेगळ्या हातांनी पडतायत.