नेमणुकीच्या यादीत नाव कुणाचं?

अध्यक्ष महाराज, पत्रिकेत विषय छापलाय ‘भारतातल्या मेथडिस्ट स्त्री-पाळक’, म्हणजे प्रॉटेस्टंट ख्रिस्ती लोकांच्या मेथडिस्ट पंथातल्या बाई पाद्री. पण भारतापर्यंत यायचं तर आधी अमेरिकेतून यावं लागतं. मेथडिस्ट बडोद्याला आले तेही तसेच. फत्तेगंजातल्या मेथडिस्ट चर्चवरून आपलं रोजचं येणंजाणं, तेव्हा बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन समजावत बसत नाही.

‘1956 साली स्त्रियांना दीक्षा मिळाली’, म्हणजे पाद्री होण्याचा अधिकार मिळाला, असं सर्रास लिहितात, आणि ते वाचलं की डोकं उठतं. अमेरिकेतल्या मेथडिस्ट एपिस्कोपल चर्चने 1924 सालीच स्त्रियांना डीकन आणि एल्डर, म्हणजे दीक्षेची पहिली आणि पुढची पायरी, व्हायची मुभा दिली होती, पण फक्त ‘स्थानिक’ म्हणून. वार्षिक कॉन्फरन्सचं, म्हणजे एका प्रदेशातल्या पाद्र्यांच्या सभेचं, सभासदत्व काही दिलं नाही. सगळी गोम त्यात आहे. या पद्धतीत मंडळी, म्हणजे एका चर्चमधले भाविक, आपला पाळक निवडत नाही. कॉन्फरन्सच्या शेवटी बिशप नेमणुका वाचतात, आणि पूर्ण सभासदाला कुठेतरी जागा देणं त्यांना भाग असतं. स्थानिक एल्डरला तो हक्क नाही. सरकारी नोकरीतली माणसं समोर बसली आहेत. शिक्का मिळाला, पण बदलीच्या यादीत नाव नाही, याचा अर्थ त्यांना वेगळा सांगायला नको.

आता अ‍ॅना हॉवर्ड शॉ. या बाई 1878 साली बॉस्टन विद्यापीठातून धर्मशास्त्र शिकून बाहेर पडल्या आणि केप कॉडला एक मंडळी सांभाळू लागल्या. उपदेश करायचा परवाना होता, दीक्षा नव्हती. म्हणजे रविवारचा उपदेश बाईंचा, आठवडाभर आजाऱ्यांची विचारपूस बाईंची, पण प्रभुभोजनाची भाकर मोडायला आणि बाप्तिस्म्याचं पाणी बाळाच्या डोक्यावर घालायला दुसरा कुणी पाद्री हवा. हसताय, पण ज्या घरी बाळ जन्मलंय त्यांची पंचाईत बघा!

1880 साली त्यांनी आणि अ‍ॅना ऑलिव्हर यांनी दीक्षा मागितली. न्यू इंग्लंड कॉन्फरन्सच्या परीक्षेत दोघी पास झाल्या. बिशप अँड्र्यूज म्हणाले, नियमात बसत नाही. प्रकरण चर्चच्या सर्वोच्च सभेपुढे, सिनसिनाटीच्या जनरल कॉन्फरन्सपुढे, गेलं. तिथे नकार तर मिळालाच, वर 1869 पासून स्त्रियांना दिलेले उपदेशाचे परवानेही काढून घेतले. मागायला गेल्या एक आणि हातातलं होतं तेही गेलं. ऑलिव्हरबाई एपिस्कोपल चर्चमध्येच राहून भांडत राहिल्या. शॉबाई शेजारच्या मेथडिस्ट प्रॉटेस्टंट चर्चकडे वळल्या आणि 12 ऑक्टोबर 1880 ला टॅरीटाउनला दीक्षा घेतली. पुढे डॉक्टर झाल्या, आणि 1904 ते 1915 स्त्री-मताधिकाराच्या राष्ट्रीय संघटनेच्या अध्यक्ष. 1939 साली ही दोन्ही चर्च, दक्षिणेतलं तिसरं धरून, एक झाली, तेव्हा मेथडिस्ट प्रॉटेस्टंटांकडे स्त्रियांना असलेला पूर्ण हक्क या संसारात काही टिकला नाही. विलीनीकरणात कुणाचा नियम चालतो, हे संस्थान विलीन झालेल्या बडोद्याला कोण शिकवणार?

अध्यक्षांनी घड्याळ दाखवलं. बरं, 1956. जनरल कॉन्फरन्सपुढे समितीचा प्रस्ताव होता की वार्षिक कॉन्फरन्सचं पूर्ण सभासदत्व फक्त अविवाहित आणि विधवा स्त्रियांना द्यावं. भीती सरळ होती: बिशपांनी बाईंची बदली केली तर नवऱ्याच्या नोकरीचं काय? सभागृहाने ती अट काढून टाकली आणि सभासदत्व दिलं. त्याच महिन्यात मॉड जेन्सन यांना कॉन्फरन्सने उमेदवार म्हणून घेतलं; त्या कोरियात मिशनरी होत्या.

भारत आता धावतच. अमेरिकन मेथडिस्ट मिशनरी इझाबेला थोबर्न आणि डॉ. क्लारा स्वेन 1870 साली आल्या. लखनौची शाळा आणि बरेलीचा दवाखाना उभा राहिला, प्रभुभोजनाचं मेज मात्र पुरुषांकडेच. 1947 साली अनेक पंथ मिळून झालेल्या दक्षिण भारत चर्चमध्ये ब्रिटिश वळणाचे मेथडिस्ट गेले. तिथे 1976 पासून स्त्रियांना दीक्षा, आणि 2013 मध्ये पुष्पा ललिता बिशप. 1970 साली नागपूरला तसंच उत्तर भारत चर्च झालं, तेव्हा अमेरिकन वळणाचे मेथडिस्ट ऐनवेळी बाहेर राहिले. त्यांचं मेथडिस्ट चर्च इन इंडिया 1981 पासून स्वायत्त आहे, आणि तिथे नेमणूक अजून बिशपच करतात.

म्हणून कोणत्याही कॉन्फरन्सचं खरं चित्र हवं असेल तर दीक्षेचे फोटो बाजूला ठेवा आणि नेमणुकांची यादी मागा. त्यात तीन गोष्टी बघा: बाईंकडे मंडळी आहे की नुसतं वसतिगृह, मंडळी असेल तर ती स्वतःच्या खर्चाने पाळकाचा पगार देऊ शकते का, आणि सुपरिंटेंडेंटच्या, म्हणजे अनेक मंडळ्यांवर देखरेख करणाऱ्या पाद्र्याच्या, रकान्यात किती बायका आहेत. नवरा-बायको दोघंही पाळक असतील तर चौथी गोष्ट: दोघांना जवळपास जागा हव्यात, आणि तडजोडीत लहान मंडळी कुणाच्या वाट्याला येते. चिठ्ठ्या आल्यात, पहिली पगाराबद्दलचीच आहे. वाचा.